बोअरच्या गाडीवरची वही

बोअरची गाडी शिवारात शिरते ती बहुतेक वेळा अंधार पडल्यावर. पुढच्या ट्रकवर यंत्र, मागच्यावर रॉड आणि डिझेलची पिंपे. गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची, एजंट तालुक्याच्या गावचा आणि नारळ हातात घेऊन जागा दाखवणारा पाणाड्या शेजारच्या वाडीतला. हातोडा खडकात उतरला की हवेच्या दाबाने दगडाची भुकटी वर येते. आधी माती, मग मुरूम, मग करडी भुकटी, मध्येच तांबडी, पुन्हा करडी. घरातली सगळी माणसे त्या भुकटीकडे बघत उभी असतात. ती कधी ओली होते, एवढेच त्यांना बघायचे असते.

२०१३ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यात चुलत भावाच्या शेतात मी असाच उभा होतो. साडेचारशे फुटांवर बोअर फेल गेला. हिशेब करताना गाडीवरच्या माणसाने एक वही काढली. तमिळमध्ये लिहिलेली. किती फूट, किती केसिंग (भोक ढासळू नये म्हणून आत घालतात तो पाइप), पाणी लागले असेल तर कितव्या फुटाला आणि किती इंची धार. पैसे त्यावरूनच घ्यायचे असल्यामुळे वही चोख होती. मागच्या महिन्याभरात केज आणि धारूरच्या मधल्या गावांत त्या गाडीने मारलेल्या सगळ्या बोअरचा हिशेब तिच्यात होता. मी विनवणी केली, तेव्हा त्याने तुटक्या हिंदीत तीन पाने वाचून दाखवली आणि मी ती माझ्या डायरीत उतरवून घेतली. दोन लाव्हा थरांच्या मधला तांबडा थर ढासळतो, म्हणून तिथवर केसिंग घालावे लागते. केसिंगचे पैसे वेगळे, त्यामुळे तो तांबडा थरही वहीत सापडला. जमिनीचा चढउतार धरला, तर चार गावांत तो जवळपास एकाच पातळीला लागला होता.

मी भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. वर्गात दख्खनच्या पठाराचा छेद फळ्यावर काढून दाखवायचो, तो पुस्तकातला. खरा छेद माझ्या महाविद्यालयापासून चार-पाच कोसांवर रोज रात्री भुकटी होऊन उडत होता आणि आमच्या विभागातले कुणीही तिथे नव्हते. सकाळी गाडी पुढच्या गावाला गेली. वहीही गेली.

विद्यापीठे आणि उद्योगांनी पाण्यासाठी एकत्र यायला हवे, असे आता सगळेच म्हणतात. मलाही ते मनापासून पटते. पण मराठवाड्यात हे एकत्र येणे चुकीच्या टोकाने सुरू झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सुरुवात करतो ती सामंजस्य कराराने. कुलगुरू आणि कंपनीचे व्यवस्थापक फाइल हातात धरून फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी बातमी येते, आणि नॅकच्या मूल्यांकनात करारांची संख्या मोजली जात असल्याने तो कागद जपून ठेवला जातो. त्या कराराखाली कोण कुठली विहीर मोजणार, हे बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसते. दुसरे म्हणजे उद्योग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, ऑरिक या औद्योगिक वसाहती उभ्या राहतात. मराठवाड्यातला पाण्याचा खरा उद्योग त्याहून कितीतरी पसरलेला आहे. बोअरच्या गाड्या, टँकरवाले, जारचे पाणी विकणारे, ठिबकचे विक्रेते, शेततळ्याचा कागद अंथरणारे, मोटार भरून देणारे मिस्त्री आणि साखर कारखाने, हे सगळे पाण्यावर पोट भरतात आणि पाण्याबद्दल त्यांना रोज काही ना काही कळत असते. विद्यापीठाच्या एकाही समितीवर यातला माणूस मी पाहिलेला नाही.

वहीला मी एवढे का चिकटलो आहे, ते सांगतो. आपल्या पायाखाली जवळजवळ सगळीकडे काळा पाषाण आहे. वाळूच्या प्रदेशात पाणी सगळीकडे मुरते आणि सगळीकडे सापडते. काळ्या पाषाणात ते भेगांत, मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडकाच्या पोकळ्यांत, दोन थरांच्या सांध्यांत अडकून राहते. खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के पाणी हाती लागले तरी पुष्कळ. म्हणून एका बांधावर दोन इंची पाणी लागते आणि पन्नास पावलांवर भुकटी कोरडी राहते. अशा खडकात सरासरीने काम भागत नाही, जागोजागीची नोंद लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकापासून हे काम करते आहे. ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ती जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. काम मोलाचे आहे, पण एका गावच्या एका विहिरीवरून शेजारच्या शिवाराचे सांगता येत नाही. आणि इकडे प्रत्येक दुष्काळी उन्हाळ्यात शेतकरी पदरचे पैसे घालून, कर्ज काढून, बायकोचे दागिने गहाण टाकून जमिनीला शेकडो छिद्रे पाडतो. प्रत्येक छिद्र हा भूजलाचा एक महागडा प्रयोग असतो. खर्च शेतकऱ्याने केला, निरीक्षण गाडीवाल्याने केले, आणि संशोधकाच्या हाती काही आले नाही. सहकार्य नसणे म्हणजे काय, हे मला याहून स्पष्ट कुठे दिसलेले नाही.

आता कुणी म्हणेल, मराठवाड्यात संशोधन आणि उद्योग यांची गाठ पडतच नाही, हे खरे नाही, जालन्याकडे बघा. बरोबर आहे. जालन्यात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको उभी केली आणि पुढे जालना बियाण्यांचे गाव झाले. परभणीचे कृषी विद्यापीठ पैदासकार बियाणे, म्हणजे वाणाचे मूळ बियाणे, देते, पुढची साखळी ते बियाणे वाढवते, दुकानात पिशवी येते, शेतकरी पैसे मोजतो. इथे सहकार्य चालते, कारण शेवटी विकायला पिशवी असते. पाण्याचे तसे नाही. रुंद वरंबा सरीवर सोयाबीन घेतले तर पावसाच्या खंडात ओल टिकते आणि जास्त पावसात पाणी सरीतून निघून जाते. परभणीच्या विद्यापीठाने हे वर्षानुवर्षे सांगितले आहे. त्यात पेरणीयंत्राचा भाग विकता येतो, म्हणून तो अवजारवाल्यांनी उचलला. पण आपल्या पाणलोटात उतार कुठल्या बाजूचा आहे आणि कोणत्या ओढ्यावर बंधारा घातला तर खालच्या वाडीची विहीर पाझरेल, हे ज्ञान पिशवीत भरून विकता येत नाही. त्याचा फायदा साऱ्या गावाला होतो, म्हणून त्याचे पैसे एकटा कुणीही देत नाही. पाण्याच्या क्षेत्रात उद्योग आपणहून संशोधनाकडे येतील, ही आशा मला म्हणूनच खोटी वाटते. त्यासाठी सामायिक पैसा उभा करावा लागेल, आणि तो कसा करायचा हे महाराष्ट्राला माहीत आहे. साखर कारखान्यांनी १९७५ मध्ये स्वतःची संशोधन संस्था काढली, तीच आजची पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. ती गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी दिलेल्या वर्गणीवर वाढली. नेदरलँड्समध्ये केडब्ल्यूआर ही जलसंशोधन संस्था तर पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या कंपन्यांच्याच मालकीची आहे. उसासाठी आपण टनामागे वर्गणी काढली. मग पाण्यासाठी हजार लिटरमागे काही पैसे का काढू नयेत? एमआयडीसी आणि कारखान्यांच्या पाणीबिलात तेवढी एक ओळ वाढवायची आणि तो निधी मराठवाड्यातल्या विद्यापीठांना, वाल्मी या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेला, अभियांत्रिकी महाविद्यालयांना पाण्याच्या कामासाठीच द्यायचा. ज्याचा वापर जास्त, त्याची वर्गणी जास्त.

साखर कारखान्याचा विषय निघालाच आहे, तर तिथे थोडे थांबतो. कारखान्यांवर पाण्याचा राग काढायची आपल्याकडे रीत आहे आणि उसाच्या क्षेत्राबद्दलचा राग मला मान्यही आहे. पण संशोधकाने रागाच्या पुढे जायला हवे. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाच्या पोटातूनच साडेतीन हजार टन, म्हणजे पस्तीस लाख लिटर पाणी येते. चिपाडाबरोबर जाते ते वजा केले, मळीत आणि वाफेत जाते ते सोडले, तरी पंचवीस लाख लिटरच्या आसपास पाणी रस आटवताना वाफ होऊन पुन्हा थेंबांच्या रूपात हाती येऊ शकते. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन आली, आणि पुढे पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी सुरू झाल्यावर तिच्या एका खेपेत साधारण पंचवीस लाख लिटर यायचे. म्हणजे मांजरा नदीच्या पट्ट्यातला असा एक कारखाना हंगामात दर दिवशी एक रेल्वेगाडी भरेल एवढे पाणी उसातून बाहेर काढतो. ते पाणी जसेच्या तसे वापरता येत नाही. त्याला वास असतो, त्यात अमोनिया आणि सेंद्रिय अंश उतरलेले असतात. ते शुद्ध करण्याचे संच आहेत, काही कारखाने ते चालवतातही. पण हंगाम संपला की संचातले जिवाणू उपाशी मरतात आणि पुढच्या वर्षी पहिले काही आठवडे संच नीट चालत नाही, अशी तक्रार मी कारखान्यांच्या रसायनशास्त्रज्ञांकडून अनेकदा ऐकली. ही अस्सल संशोधनाची समस्या आहे. नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठातला सूक्ष्मजीवशास्त्राचा एखादा विद्यार्थी त्यावर पीएच.डी. करू शकतो आणि ती पदवी कपाटात पडून राहणार नाही. शिवाय हे पाणी हंगामात, म्हणजे हिवाळ्यात येते; ते उन्हाळ्यापर्यंत साठवायचे कुठे, हा स्थापत्य अभियांत्रिकीचा प्रश्न वेगळाच. असे प्रश्न करारावर सही केल्याने सापडत नाहीत. एक हंगाम कारखान्यात काढला की सापडतात.

पण कारखान्यात आत शिरल्यावर काय होते, तेही मी पाहिले आहे. माझी एक विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एका कारखान्याच्या परिसरातल्या विहिरींचे पाणी तपासत होती. कारखान्याने परवानगी दिली, जीप दिली, चहा दिला. खालच्या अंगाच्या विहिरींचे निकाल वाईट आले, तेव्हा आधी सांगण्यात आले की कारखान्याचे नाव काढा. ते काढले. मग गावांची नावे काढा. तीही काढली. शेवटी सांगितले, आकडेच देऊ नका, आम्ही अंतर्गत सुधारणा करू. मार्गदर्शक म्हणून मी तिच्या पाठीशी जितके ठाम उभे राहायला हवे होते, तितका राहिलो नाही. विभागाला त्याच कारखान्याकडून उपकरण मिळायचे होते. मुलीने विषय बदलला. त्या विहिरींवरच्या बायका आजही तेच पाणी भरत असतील, आणि त्यांना ते कसे आहे हे कुणीही सांगितलेले नाही. हे मला अजून बोचते.

सहकार्याची माझी पहिली अट त्या अनुभवातून आली आहे. निकाल चांगला येवो की वाईट, तो छापण्याचा हक्क संशोधकाचा राहिला पाहिजे, आणि हे करारात पहिल्या पानावर लिहिलेले असले पाहिजे. उद्योगाला निकाल आधी वाचायला द्या, चूक असेल तर दाखवायला महिना-दोन महिने द्या, यंत्राच्या रचनेचे खरे गुपित असेल तर ते राखा. पण विहिरीच्या पाण्यातला नायट्रेट किंवा फ्लोराइड हे कुणाचेही व्यापारी गुपित असू शकत नाही. या अटीशिवाय झालेले काम म्हणजे विद्यापीठाच्या शिक्क्याची विक्री आहे. आणि शिक्का एकदा विकला गेला की उद्योगालाही त्याचा उपयोग उरत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितले. त्या दिवसांत प्रत्येक चौकात एकच वाद होता, बाटलीमागे किती पाणी जाते आणि कारखान्याला खरोखर किती लागते. उद्योग आपला आकडा सांगत होते, आंदोलक आपला. आपल्या भागातल्या विद्यापीठाने स्वतः मीटरवर उभे राहून मोजलेला आकडा त्या सगळ्या वादात माझ्या तरी कानावर आला नाही. तसा आकडा आधीपासून छापलेला असता, तर प्रामाणिकपणे पाणी वाचवणाऱ्या कारखान्यालाच त्याचा सगळ्यात जास्त आधार झाला असता.

उद्योगांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. वाळूजमधल्या एका छोट्या कारखानदाराने मला सांगितले होते, "सर, मार्चमध्ये नमुने नेले. मग परीक्षा, मग पेपर तपासणी, मग प्रवेश. अहवाल आला तेव्हा धरण भरलं होतं." यावर मला उत्तर देता आले नाही. आपली विद्यापीठे सत्रांच्या घड्याळावर चालतात आणि टंचाई पावसाच्या घड्याळावर. पाण्याचे बरेचसे मोजमाप फेब्रुवारी ते जून याच काळात करायचे असते, नेमके तेव्हा विद्यार्थी परीक्षेत आणि प्राध्यापक तपासणीत असतात. त्यात प्राध्यापकाला बढतीसाठी शोधनिबंध मोजून दाखवावे लागतात; गावाला समजेल अशा मराठीत लिहिलेल्या चार पानांच्या अहवालाला एकही गुण नाही. पाण्यावर काम करणाऱ्या विभागांना उन्हाळी सत्र क्षेत्रकामासाठी मोकळे द्या आणि कारखान्याने किंवा ग्रामपंचायतीने वापरात आणलेल्या अहवालाला शोधनिबंधाइतके गुण द्या. हे करायला विद्यापीठाला कुणाकडून पैसे आणावे लागत नाहीत.

पैसा दुसऱ्या एका वाटेने आधीच येतो आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि २०१९ पासून सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतल्या संशोधनालाही तो पैसा देता येतो. आपल्याकडे त्यातला पाण्यावरचा पैसा बघावा तिथे नाला खोलीकरणात दिसतो. पोकलेन चालतो, पाऊस पडल्यावर साठलेल्या पाण्याचा फोटो निघतो, काठावर कंपनीचा फलक लागतो. खोलीकरणाने काही गावांना खरेच फायदा झालेला मी पाहिला आहे. आणि खोदताना मुरूम ओलांडून पाषाणापर्यंत गेले, की वरच्या विहिरीचे पाणी नाल्यात उतरते, हेही मी पाहिले आहे. यातले कुठे काय झाले, हे सांगायला आधीची आणि नंतरची मोजणी लागते, ती बहुतेक ठिकाणी झालेलीच नाही. अशा प्रत्येक कामातला वीसावा हिस्सा मोजणीसाठी राखून ठेवायला हवा, आणि मोजणी करणारी संस्था खोदकाम करणाऱ्यांहून वेगळी हवी.

पुन्हा वहीकडे येतो, कारण तिथेच सगळ्यात अवघड गाठ आहे. बोअरच्या नोंदी उघड करा म्हटले की जाणकार माणूस लगेच दोन आक्षेप घेतो. एक, पाणी कुठे लागते हे कळले तर तिथे आणखी दहा गाड्या लागतील. दोन, २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत आणि गाड्या त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल जातात. मग खरी नोंद देऊन स्वतःच्या आणि शेतकऱ्याच्या मानेवर सुरी कोण ठेवील? दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. त्याच कायद्यात बोअरच्या गाड्यांच्या नोंदणीची तरतूद आहे, पण नोंदणी केली म्हणजे गाडीवाला खरे बोलेल असे होत नाही. माझे म्हणणे असे की संशोधनासाठी दिलेली नोंद कारवाईसाठी वापरली जाणार नाही, अशी लेखी हमी शासनाने द्यावी. नोंदीत शेतकऱ्याचे नाव नको, गट नंबरही नको. गाव आणि पाणलोट एवढे पुरे. पहिल्या आक्षेपाचेही उत्तर त्यातच आहे. नकाशा पाणलोटाचा झाला, तर त्यावरून बोअरची जागा ठरवता येणार नाही, पण इथे आता खाली काही उरलेले नाही हे मात्र सांगता येईल. कोरड्या गेलेल्या बोअरची नोंद माझ्या दृष्टीने पाणी लागलेल्या बोअरपेक्षा मोलाची आहे. फेल गेलेल्या चाळीस बोअरचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, तर एक्केचाळिसाव्या बोअरसाठी दागिने गहाण टाकण्याआधी एखादे घर तरी थांबेल.

काम लहान आहे. मराठवाड्यात ७६ तालुके आहेत. तालुक्याला दोन विद्यार्थी धरले तर दीडशे मुले झाली, आणि भूगोल, भूगर्भशास्त्र, पर्यावरणशास्त्र, कृषी अभियांत्रिकी मिळून एवढी मुले आपल्या विद्यापीठांत सहज सापडतील. त्यांना रात्रीच्या कामाचा भत्ता द्यायचा आणि हेल्मेट द्यायचे. भुकटीचे नमुने भरायला प्लास्टिकच्या पिशव्या लागतील. वहीचे रकाने मी २०१३ मध्येच आखले होते: गाव, एकूण खोली, केसिंग, तांबडा थर, पाण्याची खोली, इंची, फेल की पास. एजंट तालुक्यातलेच असतात, त्यांना विश्वासात घेतले तर गाडी कुठे उभी आहे हे फोनवर कळते. गाडीवाल्याला प्रत्येक खऱ्या नोंदीमागे थोडे पैसे द्यावेत, त्यात गैर काही नाही. तो त्याचा वेळ देतो. तिरुचेंगोडच्या मालकांशी बोलायला तमिळ येणारा एक माणूस लागेल आणि तो मिळवणे एखाद्या कुलगुरूंना अवघड नाही. खर्च पहिल्या वर्षी एखाद्या कंपनीने उचलावा, फलक लावायचा असेल तर तोही लावावा.

गाड्या महाशिवरात्रीच्या सुमाराला येऊ लागतात. त्याआधी मुलांना खडक ओळखायला शिकवायला हवे, आणि त्याला निदान सहा आठवडे लागतात.